हाजी अलीची शाळा, मंद्रूपची भाकरी

चालताना आपलं पाऊल जमिनीपासून किती वर उचललं जातं? सपाट जागेवर पाय पुढे टाकताना, अंगठ्याचं टोक जमिनीच्या अगदी जवळून जातं त्या क्षणी, मध्ये जेमतेम दीड सेंटिमीटर जागा असते. एवढ्याशा फटीतून आपण दिवसभरात हजारो वेळा पाय पुढे काढतो आणि अडखळत नाही. नजर रस्त्यावर नसते, डोक्यात घरखर्चाचा हिशेब चाललेला असतो, तरी पाऊल नेमकं तेवढंच उचलतं. नडगीच्या पुढचा, पाऊल वर ओढणारा स्नायू थोडा दुबळा झाला की ही फट मिटते. बोटं घासू लागतात, चप्पल निसटते, उंबऱ्याला ठेच लागते. मग माणूस नकळत गुडघा जास्त वर घेऊन पाऊल टाकू लागतो. आपण असं का चालतो, हे त्याला स्वतःला सांगता येत नाही. ज्याला पाहता येतं त्याला मात्र ते दारातूनच दिसतं.

एका पायाची टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. त्यातला ६० टक्के वेळ तो पाय जमिनीवर असतो, ४० टक्के हवेत. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असतात ते फक्त २० टक्के वेळ. म्हणजे चालण्याच्या उरलेल्या ८० टक्के वेळात आपण एका पायावर उभे असतो! एका पायावर उभं राहिलं की कंबर दुसऱ्या बाजूला खाली यायला हवी. ती येत नाही, कारण टेकलेल्या पायाच्या खुब्याबाहेरचे स्नायू तिला ओढून धरतात. ते दुबळे असले तर कंबर कशी खाली जाते, हे जर्मन शल्यविशारद फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्ये दाखवून दिलं. रुग्णाला एका पायावर उभं करून हे पाहायची त्यांची रीत अजून तशीच वापरात आहे. त्यासाठी यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, फक्त पाहणारा डोळा लागतो.

हा डोळा घडवणारी वैद्यकाची एक स्वतंत्र शाखा आहे. तिचं नाव भौतिक चिकित्सा व पुनर्वसन. डॉक्टर मंडळी तिला नुसतं पीएमआर म्हणतात. लोकांना ही शाखा फारशी ठाऊक नाही. ‘म्हणजे फिजिओथेरपिस्ट ना?’ हा प्रश्न या डॉक्टरांना आयुष्यभर ऐकावा लागतो. फिजिओथेरपिस्टचं शिक्षण वेगळं आणि मोलाचं, आणि त्यांच्यावाचून या शाखेचं पान हलत नाही. पण पीएमआरचा डॉक्टर म्हणजे साडेपाच वर्षांचं एमबीबीएस करून पुढे तीन वर्षं एमडी केलेला वैद्य. तो औषधं देतो, इंजेक्शनं देतो, नसांमधून विजेचे संदेश कोणत्या वेगाने धावतात ते मोजतो, कृत्रिम पाय कसा असावा ते ठरवतो. आणि इतर शाखा ‘काय झालंय?’ या प्रश्नापाशी जिथे थांबतात, तिथून पुढे हा विचारू लागतो : काय करता येतंय? काय करता यायला हवं?

या शाखेत एमडी करायला आलेल्या नव्या रेसिडेंटला या पाहण्याची चुणूक दाखवायची तर पोलिओ झालेला प्रौढ माणूस चालताना दाखवावा. भारतात पोलिओची शेवटची नोंद जानेवारी २०११ मधली, आणि मार्च २०१४ मध्ये आपला आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. पण त्याआधी ज्यांना तो होऊन गेला ती माणसं आज तिशी-चाळिशीत, साठीत आहेत. त्यांतली कित्येक जण एक हात मांडीवर दाबून चालतात. लोकांना वाटतं, पाय दुखत असेल म्हणून धरलाय. खरं तर तो हात एका हरवलेल्या स्नायूचं काम करत असतो. गुडघा सरळ ठेवणारा मांडीचा पुढचा स्नायू गेला, की शरीराचा भार पडताच गुडघा दुमडणार. हात मांडीला मागे रेटतो आणि गुडघा टिकतो.

यात त्याहून नवलाची गोष्ट अशी, की तो स्नायू पूर्ण गेलेला असूनही काही जण हात न लावता चालतात. त्यांचा गुडघा पूर्ण सरळ होतो, किंचित मागेच झुकतो. ते धड जरासं पुढे घेतात, शरीराच्या भाराची रेषा गुडघ्याच्या पुढून जाते आणि भारच गुडघ्याला सरळ दाबून धरतो. कुल्ल्याचा आणि पोटरीचा स्नायू त्याला साथ देतात. म्हणजे गुडघा सरळ होण्यात थोडे अंश कमी पडले, तर हात मांडीवर येतो. ते अंश मिळाले, तर हात सुटतो आणि त्या हातात पिशवी धरता येते. त्या थोड्या अंशांसाठी प्लास्टर, कॅलिपर किंवा शस्त्रक्रिया यांतलं काय निवडायचं, हे ठरवायला डॉक्टर तीन वर्षं शिकतो. मला हे वाचताना, समजून घेताना दर वेळी थक्क व्हायला होतं. मांडीवरचा एक हात पाहून आत चाललेली एवढी मोठी तडजोड वाचता येते.

महाराष्ट्रात या शिक्षणाचं जुनं घर मुंबईत हाजी अलीला आहे. अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने सुरू झाली. ती केंद्र सरकारची आहे. इथे या शाखेचं पदव्युत्तर शिक्षण होतं, आणि त्याच आवारात कृत्रिम हातपाय व आधारसाधनं बनवणारे तंत्रज्ञही शिकतात. डॉक्टर, थेरपिस्ट आणि कारागीर यांनी शेजारी शेजारी शिकायचं, ही कल्पना त्या काळात आपल्याकडे नवीच होती.

पण ती आकाशातून पडली नव्हती. मुंबईत तिची माती आधी दोन बायकांनी तयार केली होती. फातेमा इस्माइल स्वातंत्र्यलढ्यातल्या कार्यकर्त्या. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला, तिच्या उपचारांसाठी त्या मद्रासपर्यंत गेल्या, आणि मग १९४७ मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी त्यांनी दवाखाना उघडला. त्यातूनच हाजी अलीचं मुलांचं अस्थिरोग रुग्णालय उभं राहिलं. दुसऱ्या कमला निंबकर. अमेरिकेत एलिझाबेथ लंडी म्हणून जन्मलेल्या या बाई विष्णू निंबकरांशी लग्न करून महाराष्ट्राच्या झाल्या. पुढे अमेरिकेत जाऊन त्या ऑक्युपेशनल थेरपी शिकल्या आणि १९५० मध्ये केईएम रुग्णालयात त्यांनी त्या विषयाची शाळा काढली. आशियातली ती पहिली. फलटणचं कमला निंबकर बालभवन अनेकांना माहीत असतं. ते नाव ज्यांचं, त्यांनी हजारो लुळ्या हातांना पुन्हा कामाला लावण्याची विद्या इथे आणली, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. पुण्यात तर त्याही आधी, दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४४ मध्ये सैनिकांसाठी कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं होतं.

ही शाखा जगभर युद्धांनी वाढवली. अमेरिकेत हॉवर्ड रस्क यांनी जखमी वैमानिकांना नुसतं खाटेवर पडू न देता कामाला, शिक्षणाला, व्यायामाला लावलं आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये या विषयाची संस्था उभारली. तिथे शिकायला गेलेल्यांत एक भारतीय डॉक्टर चाकाच्या खुर्चीत बसून गेल्या होत्या. वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस. १९५४ मधल्या मोटार अपघाताने त्यांचे पाय लुळे पडले होते. तरी खुर्चीत बसून त्या कुष्ठरुग्णांच्या वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया करत. परत येऊन त्यांनी वेल्लोरला हा विभाग चालवला. पुनर्वसन म्हणजे काय, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना पुस्तक न उघडताही समजलं असेल.

आता मंद्रूपकडे येऊ, कारण हाजी अलीला शिकलेली विद्या खरी की खोटी हे इथे ठरतं. मंद्रूप म्हणजे दक्षिण सोलापूर तालुक्यातलं, सोलापूर-विजयपूर रस्त्यावरचं मोठं गाव, शहरापासून पंचवीसेक किलोमीटर. दक्षिणेला भीमा, तिच्यापलीकडे कर्नाटक. एका वाक्यात मराठी, पुढच्यात कानडी. काळं रान, रब्बीची ज्वारी, आणि घरोघरी भाकरी.

समजा, इथल्या साठीच्या एका बाईंना अर्धांगाचा झटका आला. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडते तेव्हा मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. सोलापुरात वेळेवर उपचार मिळाले, जीव वाचला. अडीच महिन्यांनी बाई काठी टेकत चालू लागल्या. मुलगा सिद्धेश्वर एक्स्प्रेसने त्यांना मुंबईला घेऊन आला आहे. उजवा हात छातीशी दुमडलेला, मूठ वळलेली. कागदावर निदान लिहिलेलं आहे, एमआरआय आहे, औषधं चालू आहेत. रेसिडेंटने काय विचारायचं?

‘मावशी, घरी भाकऱ्या कोण करतं?’

‘म्याच करत हुते की. आता सून करती. मला थापाया गेलं की हात आत वळतोय बघा.’

या एका उत्तरात तपासणीची निम्मी दिशा आहे. भाकरी करणं ही हाताची केवढी अवघड कसरत आहे, हे नीट पाहिल्याशिवाय कळत नाही. आधी पीठ मळायचं. तळहाताच्या टाचेने रेटायचं, म्हणजे मनगट मागे वळलेलं हवं, कोपर सरळ होत जायला हवं आणि खांद्यावरून अंगाचा भार खाली यायला हवा. मग गोळा. तो करताना दोन्ही तळवे वाटीसारखे होतात. मग थापणं. आता तळहात सपाट, बोटं पूर्ण उघडी आणि सैल, हात पालथा. दर थापेला भाकरी थोडी फिरली पाहिजे, म्हणून थाप सरळ खाली पडत नाही. ती किंचित तिरकी, पुढे ढकलणारी असते. दुसरा हात कडेला हलका टेकून आकार राखतो. कड पातळ, मध्य सारखा, हा अंदाज बोटांच्या पेरांना येतो, डोळ्यांना नाही. मग दोन्ही हातांवर अल्लद उचलून तव्यावर. ओल्या बोटांनी पाणी फिरवायचं, तेही तापलेल्या तव्याच्या वर, म्हणजे बोटांना उष्णता कळायला हवी आणि हात पटकन मागे यायला हवा. आणि हे सगळं एक गुडघा उभा करून जमिनीवर बसून.

अर्धांगानंतरचा हात नेमका याच्या उलट वागतो. स्वीडनमध्ये जन्मलेल्या सिग्ने ब्रुनस्ट्रॉम यांनी लकव्यातून परत येणाऱ्या हाताच्या पायऱ्या लावून दाखवल्या. आधी हात लुळा, मग ताठर, मग सगळे सांधे एका गठ्ठ्याने हलणारा, आणि शेवटी, नशीब आणि मेहनत असेल तर, एकेक हालचाल सुटी होणारा. गठ्ठ्याच्या पायरीवर बाई खांदा उचलायला जातात तेव्हा कोपर आपोआप दुमडतं आणि मूठ वळते. त्यांनी वळवलेली नसते. मेंदूचा ताबा सुटल्यावर खालच्या पातळीवरची जुनी जोडणी वर येते. ‘हात आत वळतोय’ हे बाईंचं वाक्य ब्रुनस्ट्रॉम बाईंच्या पुस्तकातलं वर्णन आहे, फक्त सोलापुरी बोलीतलं.

मग उपचार ठरतो. बोटं मिटणारे स्नायू फार ताठर असतील तर त्यांत बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन. हे जगातल्या अतिजहाल विषांपैकी एक. खराब डबाबंद अन्नातून ते पोटात गेलं तर श्वास बंद पाडतं. इथे त्याचा अतिसूक्ष्म अंश ठरावीक स्नायूत, कधी सोनोग्राफीत बघत, सोडला जातो. नस स्नायूला देत असलेली आज्ञा ते अडवतं आणि साधारण तीन महिने तो स्नायू सैल राहतो. इंजेक्शन देणं रेसिडेंट लवकर शिकतो. कोणत्या स्नायूला द्यायचं नाही, हे शिकायला वेळ लागतो, कारण तोच ताठरपणा कधी कधी रुग्णाच्या कामाचा असतो. ताठर पायावरच कोणी उभं राहत असतं. आणि इंजेक्शन म्हणजे हात बरा होणं नव्हे. त्या तीन महिन्यांत हाताला काम शिकवायचं असतं. टेबलावर तळहात सपाट ठेवून भार देणं, मग ओल्या पिठावर तळहात रेटणं, मग डाव्या हाताच्या साथीने थाप.

हाताला शिकवायचं म्हणजे मेंदूला शिकवायचं. १९९६ मध्ये रँडॉल्फ नूडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूतल्या हाताच्या प्रदेशाचा छोटा भाग निकामी केल्यावर, ज्या माकडांना सराव दिला नाही त्यांच्यात शेजारचा शाबूत प्रदेशही आक्रसत गेला. ज्यांना बारीक खळग्यांतून खाऊ काढायचा सराव रोज दिला, त्यांच्यात तो प्रदेश टिकला, काहींत शेजारच्या भागात पसरला. वापर हेच मेंदूला मिळणारं खत असावं, असं वाटायला लावणारे ते नकाशे आहेत. पण तिथे एक अट लपलेली आहे : माकडं रोज शेकडो वेळा हात वापरत होती. माणसांचं काय? २००९ मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या एका पाहणीत दिसलं, की थेरपीच्या एका सत्रात हाताच्या प्रत्यक्ष कामाची आवर्तनं होतात ती सरासरी ३२.

हा आकडा वाचला आणि माझं मन थेट चुलीपाशी गेलं. एका भाकरीला किती थापा पडतात ते कोणाही घरी मोजून पाहावं. पाच माणसांच्या घरात दोन वेळच्या भाकऱ्या धरल्या तर मेंदूला हव्या असलेल्या शेकडो आवर्तनांची सोय परातीतच आहे. रुग्णालयात तासाभरात जे पुरं पडत नाही, ते घर रोज देऊ शकतं. फक्त कोणी तरी त्या थापेची तयारी करून द्यायला हवी, आणि सुनेला सांगायला हवं की सासूबाईंची भाकरी वाकडी झाली तरी परात काढून घेऊ नका. हे सांगणं उपचाराचाच भाग आहे. ते औषधाच्या चिठ्ठीवर लिहायला शिकवणारी वैद्यकाची दुसरी शाखा मला माहीत नाही.

आता एक गोष्ट वाचणाऱ्याने स्वतः करून पाहावी. कोपर टेबलावर ठेवा, हात उभा धरा, बोटं अगदी सैल सोडा. मनगट पुढे पडू द्या : बोटं उघडतात. मनगट मागे ओढा : बोटं आपोआप मिटतात, अंगठा तर्जनीच्या कडेला येऊन टेकतो. बोटांना तुम्ही काहीच सांगितलेलं नाही. स्नायूंचे दोर मनगटावरून बोटांत जातात आणि त्यांची लांबी ठरलेली आहे, एवढंच कारण.

झाडावरून किंवा बैलगाडीवरून पडून मान मोडलेल्या माणसात मज्जारज्जूची इजा एका विशिष्ट पातळीवर असली, तर मनगट मागे ओढण्याची ताकद शिल्लक राहते आणि बोटांची सगळी जाते. अशा माणसाच्या हातात तरीही पकड असते, ती ही. मनगट मागे ओढलं की भाकरीचा तुकडा, मोबाइल, पाण्याचा हलका पेला धरता येतो. मात्र एक धोका आहे. घरातली प्रेमळ माणसं रोज तेल लावून त्याची बोटं आणि मनगट एकदम मागे ताणत राहिली, तर ते दोर सैल पडतात आणि देवाने ठेवलेली ही पकडही जाते. रेसिडेंटला इथे शिकावं लागतं, की काय ताणायचं नाही. थोडी आखडलेली बोटं तशीच राहू देणं हा निष्काळजीपणा नसून त्या माणसाची पुढची चाळीस वर्षं आहेत.

मज्जारज्जूच्या तपासणीसाठी रेसिडेंट शरीराचा एक नकाशा तोंडपाठ करतो. प्रत्येक बाजूला त्वचेचे २८ पट्टे आणि १० प्रमुख स्नायू. स्तनाग्राची पातळी छातीच्या चौथ्या मणक्याच्या नसेची, बेंबीची दहाव्या. कापूस आणि टाचणी एवढ्यावर त्वचेची सगळी तपासणी. तिचा शेवट गुदद्वाराभोवतीच्या त्वचेपाशी होतो, आणि तीच जागा सर्वांत महत्त्वाची. मज्जारज्जूचा अगदी तळचा भाग तिथे पोचतो. पाय ढिम्म हलत नसले तरी तिथे टाचणी टोचलेली कळली, तर इजा अपुरी आहे, वरून खाली काही तंतू अजून जिवंत आहेत, आणि सुधारणेची शक्यता बरीच वाढते. बाहेर बाकावर बसलेली आई विचारते, ‘डॉक्टर, माझं पोरगं चालंल का?’ तिला द्यायचं उत्तर त्या टाचणीच्या टोकावर असतं. ते उत्तर खोटी आशा न दाखवता आणि दार धाडकन बंद न करता कसं द्यायचं, हेही शिकवलं जातं. बहुधा वरिष्ठांना ते देताना पाहूनच ते येतं.

चालणं आलं नाही म्हणजे सारं संपलं, असं आता नाही. एकेकाळी होतं. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूची इजा झालेले बहुतेक सैनिक मूत्राशयाच्या संसर्गाने आणि पाठीच्या जखमा चिघळून मरत. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलला लुडविग गुटमान यांनी १९४४ पासून ठरावीक वेळाने कूस बदलणं, मूत्राशयाची निगा आणि खेळ या तिन्हींचा आग्रह धरला आणि ही माणसं जगू लागली. १९७२ मध्ये अमेरिकेत जॅक लॅपिडीस यांनी दाखवलं, की साबणाने हात धुऊन रुग्णाने स्वतःच ठरावीक वेळाने नळी घालून लघवी काढली तरी चालतं, निर्जंतुक खोली लागत नाही. खेड्यातल्या माणसासाठी याहून मोठा शोध मला सुचत नाही. त्याच वर्षी हायडेलबर्गला, गुटमान यांच्या खेळांतूनच वाढलेल्या पॅरालिम्पिकमध्ये, सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावच्या मुरलीकांत पेटकरांनी ५० मीटर पोहण्याचं सुवर्णपदक ३७.३३ सेकंदांत जिंकलं. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या होत्या, एक पाठीच्या कण्यापाशी राहिली होती.

पाश्चात्त्य देशांकडून आपण पुष्कळ घेतलं, पण काही मोजपट्ट्या इथे अपुऱ्या पडतात, आणि चांगला शिक्षक रेसिडेंटला तेही दाखवतो. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेली बार्थेल मोजपट्टी जगभर वापरतात. दहा कामं, एकूण १०० गुण : जेवणं, आंघोळ, कपडे, शौचालय, पलंगावरून खुर्चीवर, जिने, वगैरे. तिच्यात जमिनीवर बसणं नाही. म्हणजे मंद्रूपच्या मावशींना १०० पैकी १०० मिळतील, आणि तरी त्यांना लग्नाच्या पंगतीत बसता येणार नाही, चुलीपुढे बसता येणार नाही, देवळात मांडी घालता येणार नाही, उकिडवं बसून भांगलता येणार नाही. सपाट जमिनीवर चालायला गुडघा साधारण ६० अंश वाकला तरी पुरतं. उकिडवं बसायला तो १३० च्याही पुढे जावा लागतो. पाय कापावा लागलेल्या शेतकऱ्याला परदेशी धर्तीचं कृत्रिम पाऊल बसवलं, तर त्याचा घोटा उकिडवं बसण्याइतका वाकत नाही आणि बूट घातल्याशिवाय ते वापरता येत नाही. ही अडचण ओळखून जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास रबराचा जयपूर फूट घडवला. चिखलात अनवाणी चालणारा, मांडी घालू देणारा पाय. डॉक्टर आणि कारागीर दोघांची नावं एका दमात घेतली जातात असं दुसरं उदाहरण आपल्या वैद्यकात शोधावं लागेल.

जगात सुमारे २४० कोटी माणसांना कधी ना कधी पुनर्वसन उपचारांचा उपयोग होऊ शकतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे तिघांत एक. आणि आपल्याकडे काय झालं? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२० मध्ये प्रत्येक नव्या वैद्यकीय महाविद्यालयात हा विभाग असावा असं ठरवलं, आणि २०२३ च्या नव्या निकषांत तो सक्तीच्या यादीतून काढला. मला हा निर्णय चुकीचा वाटतो, आणि तो तज्ज्ञांपुरता विषय आहे असं मी मानत नाही. एमबीबीएसच्या मुलाने हा विभाग पाहिलाच नाही, तर उद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून तो अर्धांगाच्या रुग्णाला ‘आता एवढंच राहणार’ म्हणून घरी पाठवील, आणि सुधारणेचे पहिले तीन-चार महिने, जे सर्वांत मोलाचे, खाटेवर जातील.

त्याच आयोगाचा दुसरा एक नियम मात्र मला फार आशेचा वाटतो. एमडी करणाऱ्या प्रत्येक रेसिडेंटला आता शिक्षणाच्या काळात तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करावं लागतं. पीएमआरचा रेसिडेंट असा जिल्ह्यात आला, तर त्याने एखादा दिवस काढून मंद्रूपसारख्या गावात रुग्णाच्या घरी जावं. सोबत मोजपट्टी न्यावी. उंबरा किती उंच आहे, कारण पाऊल उचलतं ते दीड सेंटिमीटर. संडासाचं दार किती रुंद, आत धरायला काही आहे का. खाट इतकी खाली आहे का, की उठताना गुडघ्याला जोरच मिळत नाही. चूल ओट्यावर घेता येईल का, की मावशींना खालीच बसायचंय आणि त्यासाठी भिंतीत एक कडी पुरेल. एसटीची पहिली पायरी स्टँडवर आणि रस्त्याकडेच्या थांब्यावर किती वेगळ्या उंचीवर येते. रानात जायची वाट बांधावरून आहे की नाल्यातून. मग परत येऊन या नोंदी त्याने केसपेपरवर लिहाव्यात, रक्तदाबाच्या आणि साखरेच्या आकड्यांच्या शेजारी, आणि परीक्षेत परीक्षकाने त्यांवर गुण द्यावेत.